जस्त, मॅग्नेशियम आणि पाव अंशाचा फरक

आमच्याकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा आटोपली की प्रोजेक्टचा सीझन सुरू होतो. एमएस्सीची पोरं विषय घेऊन येतात, आणि बहुतेक विषय इंटरनेटवरून उचललेले, जे करायला लागणारं मशीन आमच्या कॉलेजात नाही ते. यावर्षी एक विद्यार्थिनी आली, तिला इंटरमेटॅलिक कंपाउंडची फॉर्मेशन एन्थाल्पी मोजायची होती. म्हणजे दोन धातू एकत्र येऊन ठराविक प्रमाणाचं, ठराविक रचनेचं संयुग बनतं तेव्हा किती उष्णता बाहेर पडते ते. मी तिला म्हटलं मशीन नाही पण थर्मास आहे, करूया. पुढचे तीन महिने काय काय झालं ते सगळं इथे लिहितोय, चुकांसकट, कारण छापलेल्या पेपरात फक्त शेवटचा आकडा असतो आणि तिथपर्यंत कसं पोचायचं हे कोणी सांगत नाही.

कंपाउंड निवडलं ते मॅग्नेशियमचा एक अणू आणि जस्ताचे दोन. दोन कारणं. एक म्हणजे हे काही नुसतं पुस्तकातलं संयुग नाही, ७०७५ सारख्या विमानात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूला जी ताकद येते ती याच कुळातल्या बारीक कणांमुळे. दुसरं जास्त महत्त्वाचं, याचे दोन्ही धातू हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळतात, आणि संयुगही विरघळतं. मग हेसचा नियम, जो आपण अकरावीत शिकतो तोच. एकदा सुटे मॅग्नेशियम आणि जस्त त्याच प्रमाणात विरघळवायचे आणि उष्णता मोजायची, एकदा संयुग विरघळवायचं आणि मोजायची, दोन्हीकडे शेवटी तेच द्रावण तयार होतं, म्हणून दोन्हीतला जो फरक तोच संयुग बनताना आधीच बाहेर पडून गेलेला भाग. भट्टी तापवून आत रिअ‍ॅक्शन घडवायची गरज नाही, सगळं खोलीच्या तापमानाला.

ऐकायला एकदम सोपं. पण आकडे मांडले की घाम फुटतो. एक मोल मॅग्नेशियम अ‍ॅसिडमध्ये गेलं की साधारण ४६७ किलोज्यूल निघतात, जस्ताचे १५४, म्हणजे एक मॅग्नेशियम दोन जस्त मिळून ७७५ च्या आसपास. आणि आपल्याला जे हवंय ते तीस-पस्तीस! शंभरातले चार-साडेचार. म्हणजे दोन मोठ्या ढिगांचं वजन करून त्यातला एका मुठीचा फरक शोधायचा. एका ढिगाच्या मोजणीत एक टक्का चूक झाली तर उत्तर पाव हिश्शाने हलतं. हे मी तिला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवलं होतं, पण फळ्यावरचं कळणं आणि हातातून जाऊन कळणं यात फरक असतो, तो मलाही परत एकदा कळला.

सेटअप असा. अर्धा लिटरचा स्टीलचा थर्मास, आत २०० मिली दोन मोलर अ‍ॅसिड (स्टीलला अ‍ॅसिड लागू नये म्हणून आत काचेचं अस्तर, खरंतर जुन्या काचेच्या थर्मासची रिफिलच), वर बूच, बुचातून ढवळणी, काचेच्या नळीत तेलात बुडवलेली निक्रोमची तार कॅलिब्रेशनसाठी (ठाऊक असलेली उष्णता देऊन तापमान किती चढतं ते बघायला), आणि थर्मामीटर म्हणून दहा किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान बदललं की याचा रोध बदलतो), साडेचार अंकी मल्टीमीटरला जोडलेला. तो स्वस्तातला थर्मिस्टर फार कामाचा निघाला, तिशीच्या तापमानाला एक ओहम हलला म्हणजे साधारण ०.००३ अंश, बेकमन थर्मामीटर (तापमानातला बारीक फरक वाचायचा पाऱ्याचा थर्मामीटर) घेऊन भिंग लावत बसायची गरज नाही. हीटरला १२ व्होल्ट एक अँपिअर ४०० सेकंद दिले की ४८०० ज्यूल, जेवढी उष्णता एक ग्रॅम नमुन्यातून येते साधारण तेवढीच, म्हणून कॅलिब्रेशनही त्याच पट्ट्यात होतं. एका ग्रॅमला तापमान सहा अंश चढतं. सुट्या धातूंना ६.०, संयुगाला ५.७५ च्या आसपास अशी अपेक्षा. म्हणजे आमचं सगळं प्रोजेक्ट त्या पाव अंशात होतं.

संयुग आम्ही लॅबमध्येच बनवलं. पहिला गोळा मूस उघडी ठेवून, वर कोळशाची भुकटी टाकून, मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत). हे संयुग ५९० अंशाला वितळतं, त्यामुळे ६३० पर्यंत नेलं, ढवळलं, ओतलं. दिसायला सुंदर, चकचकीत आणि ठिसूळ, हातोडीचा एक हलका ठोका दिला की काचेसारखा फुटतो. इंटरमेटॅलिक असं फुटतं तेव्हा आपण खूश होतो, की बघा धातूसारखं वाकलं नाही म्हणजे संयुग झालं. तेवढ्यावर विसंबायचं नाही हे पुढे येईल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन आली आणि म्हणाली सर, उत्तर प्लस आलंय. प्लस १.६ किलोज्यूल प्रति मोल अणू. (इथे एक सांगून ठेवतो, हे आकडे काही जण एका मोल फॉर्म्युलाला देतात आणि काही जण एका मोल अणूला, या संयुगात तीन अणू असल्याने दोघांत तिप्पट फरक पडतो, पेपर वाचताना आधी हे बघायचं.) चेहरा पडला होता तिचा. तिने विचारलं की चिन्ह उलटं घेतलंय का मी. नाही घेतलं, मी सगळं तपासलं. प्लस म्हणजे संयुग बनायला उष्णता आत घ्यावी लागते, आणि तसं असतं तर थंड झाल्यावर या संयुगाने मोडून परत मॅग्नेशियम आणि जस्त व्हायला हवं, गुपचूप बसून राहायला नको. छापलेल्या किमती, मोजलेल्या आणि कॉम्प्युटरवर गणिताने काढलेल्या, मायनस १० ते मायनस १४ च्या मधल्या आहेत. मग चूक कुठे?

मग मी तिला म्हटलं उद्या सकाळी मी तुझ्यासोबत बसतो, तू कर, मी काही बोलणार नाही, फक्त बघणार. आणि बघितलं तर वीस मिनिटांत गोष्ट समोर आली. मॅग्नेशियम टाकलं की फस्स करून दोन मिनिटांत संपतं. जस्त मात्र थर्मासच्या तळाशी जाऊन बसतं आणि एकेक बुडबुडा सोडत राहतं. आमचे लॅबचे मामा, सोलापूरच्या पूर्व भागातले, तीस वर्षं हेच बघत आलेत, ते म्हणाले, "सर, जस्त शुद्ध असलं की लई हट्टी असतंय, घाणेरडं जस्त पटकन विरघळतंय." अगदी बरोबर. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनला सुटायला नको असतं, ओव्हरपोटेन्शियल जास्त आहे, शुद्ध जस्तात कुठे दुसरा धातूच नाही जिथे बुडबुडे निघतील. पोरीने दीड तास थांबून रन बंद केला होता, तेव्हा तळाशी अजून कण होते, आणि त्या दीड तासात थर्मासने गुपचूप थोडी थोडी उष्णता बाहेर टाकलेली, तिचं करेक्शन आम्ही दहा मिनिटांच्या रिअ‍ॅक्शनचं लावलं होतं. संयुगाचा रन मात्र दहा-बारा मिनिटांत साफ संपत होता. म्हणजे सुट्या धातूंच्या बाजूने सरळ अर्धा अंश गळालेला. पाव अंशाच्या शोधात अर्धा अंश गळालेला.

त्या दिवशी तिने एक शॉर्टकट सुचवला, आणि तो वाईट नव्हता म्हणून लिहितो. म्हणाली सुट्या धातूंच्या विरघळण्याच्या उष्णता पुस्तकात आहेतच, ४६७ आणि १५४, मग आपण फक्त संयुगच विरघळवू ना, वेळ वाचेल. पण पुस्तकातले आकडे अनंत विरल द्रावणाचे. आमचं द्रावण दोन मोलर अ‍ॅसिड, त्यात जस्ताचे आयन क्लोराइडला पकडून बसतात, तेवढ्याने काही किलोज्यूल इकडचे तिकडे होतात, आणि आपलं उत्तरच काही किलोज्यूलचं आहे. शिवाय थर्मिस्टरची चूक, हीटरची चूक, अ‍ॅसिडच्या सांद्रतेची चूक, या सगळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच येतात आणि वजाबाकीत निघून जातात. पुस्तकातली बाजू घेतली की एकही निघून जात नाही. आपण उष्णता मोजत नाही आहोत गं, मी तिला म्हटलं, आपण दोन रनमधला फरक मोजतोय, मग त्या दोन रनमध्ये धातू सुटे की जोडलेले एवढं सोडून बाकी कशातच फरक असता कामा नये. हे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट ती त्याला लावून बघायला लागली, मला म्हणाल तर या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी कमाई ती.

जस्ताचा हट्ट मोडायला मोरचुदाचे चार थेंब टाकतात, तांबं जस्तावर चढतं आणि मग बुडबुडे जोरात सुटतात. पण त्यात तांब्याची वेगळी उष्णता येते. मामांनी कपाटातून एक जुनी डबी काढली, तिच्यात फ्लेम टेस्टसाठी कधीकाळी आणलेली प्लॅटिनमची तार. ती जस्ताच्या तुकड्यांभोवती गुंडाळली, हायड्रोजन तारेवरून सुटायला लागला, जस्त वीस मिनिटांत संपलं, आणि तार जशीच्या तशी. संयुगाला तारेची गरज नव्हती तरी त्याच्या रनमध्येही तार टाकली. का, ते पहिल्या पानावर लिहिलेलंच होतं.

नवीन उत्तर आलं मायनस २२.

ती खूश झाली, चिन्ह बरोबर आलं म्हणून. मला जास्त काळजी वाटली, कारण एक चूक काढल्यावर उत्तर बरोबरच्या जागी येऊन थांबलं नाही, तिथून पुढे निघून गेलं, दुप्पट. याचा अर्थ विरुद्ध दिशेची दुसरी चूक आधीपासून आत बसलेली होती आणि जस्ताच्या चुकीने तिला झाकून ठेवलं होतं. जस्त थोडं कमी हट्टी असतं ना, तर पहिल्याच महिन्यात मायनस ११ आलं असतं, आम्ही पेढे वाटले असते आणि दोन्ही चुका कायमच्या आत राहिल्या असत्या. याचा विचार केला की मला अजून अस्वस्थ होतं.

दुसरी चूक शोधायला कागदावर बसलो. एक ग्रॅम मॅग्नेशियम विरघळलं तर १९ किलोज्यूल निघतात आणि एक ग्रॅम जस्ताचे फक्त २.३५. म्हणजे संयुगात मॅग्नेशियम वजनाने एक टक्का जरी कमी असलं तरी एका ग्रॅममागे १७० ज्यूल कमी येणार, आणि आपला पूर्ण सिग्नल दोनशे-सव्वादोनशे ज्यूलचा आहे! म्हणजे कॅलरीमीटर (उष्णता मोजायचं साधन, आमच्याकडे तो थर्मासच) कितीही चांगला असू दे, नमुन्यात काय आहे हेच नक्की माहीत नसेल तर सगळं पाण्यात. बरोबर प्रमाणात मॅग्नेशियम १५.६७ टक्के आणि जस्त ८४.३३ टक्के पाहिजे. आम्ही तेवढंच तोलून टाकलं होतं, पण तोलून टाकणं वेगळं आणि मुशीत शिल्लक राहणं वेगळं. ईडीटीए टायट्रेशन केलं (धातूचे आयन पकडणारं द्रावण ब्युरेटने थेंब थेंब टाकून धातू किती ते काढायचं), पीएच साडेपाचला झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक टाकून, तिथे फक्त जस्तच पकडलं जातं, मॅग्नेशियम नाही. जस्त आलं ८५.३. मॅग्नेशियम जळून गेलं होतं, कोळशाखालीसुद्धा. शेजारच्या जिल्ह्यातून एक्सरे डिफ्रॅक्शन (आत कोणकोणते स्फटिक आहेत ते रेषांवरून सांगणारी तपासणी) करून आणलं तर आमच्या संयुगाच्या रेषांसोबत जस्त जास्त असलेल्या दुसऱ्या संयुगाच्या, दोन मॅग्नेशियम अकरा जस्त, त्याच्याही बारीक रेषा. म्हणजे आम्ही ज्याला एक पदार्थ समजत होतो तो दोन पदार्थांचा खिचडा होता, आणि काचेसारखे दोन्ही फुटतात.

दुसरा गोळा बनवायला खरी मजा आली. सराफाकडच्या कारागिराकडून ग्रॅफाइटची छोटी मूस आणली (साध्या लोखंडात जस्त वितळवलं तर जस्त लोखंड खातं, गॅल्व्हनायझिंगवाल्यांना विचारा), ती स्टीलच्या पाइपच्या तुकड्यात बसवली, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे नेऊन दोन्ही टोकं टीआयजी वेल्डिंगने बंद, वरच्या टोपीला बारीक भोक ठेवून त्यातून त्याच्याच सिलिंडरचा आर्गॉन दहा मिनिटं सोडला आणि शेवटी ते भोक वेल्डिंगच्या एका थेंबाने बुजवलं. त्या माणसाने तीनदा विचारलं आत काय आहे, मॅग्नेशियम म्हटल्यावर दोन पावलं मागे सरकला, बरोबरच आहे, आम्हीही तुकडेच वापरले, भुकटी नाही, आणि टोपीला ओला कपडा गुंडाळून ठेवला होता. या वेळी टायट्रेशनला जस्त ८४.४. सुट्या धातूंचं मिश्रणही मग ८४.४ आणि १५.६ असंच तोललं, पुस्तकातल्या ८४.३३ ला नाही. नमुना जसा आहे तशी दुसरी बाजू बनवायची.

वापरायच्या आधी तुकडे घासून घेणं पण विसरायचं नाही. मॅग्नेशियमवरच्या ऑक्साइडचा थर विरघळताना धातूच्या मानाने एक तृतीयांशच उष्णता देतो, शंभरातलं एक मॅग्नेशियम ऑक्साइड झालेलं असलं तरी उत्तर दहा टक्के हलतं.

आता राहिली तिसरी, आणि ती पूर्णपणे सोलापूरची. एप्रिल लागला होता. ती सुट्या धातूंचे रन सकाळी करायची, कारण ते लांबायचे, आणि संयुगाचे दुपारी. सकाळी लॅबमध्ये ३० अंश, दुपारी ४०. थर्मासच्या आत कॅलिब्रेशन दोन्ही वेळी वेगळं केलेलं, मग काय बिघडलं? बिघडतं ते हायड्रोजनमुळे. एक ग्रॅम नमुन्यातून जवळपास अर्धा लिटर हायड्रोजन निघतो, आणि तो कोरडा जात नाही, अ‍ॅसिडवरची पाण्याची वाफ सोबत घेऊन जातो, तेवढं पाणी उडायला लागलेली उष्णता थर्मासमधूनच गेलेली असते. पाण्याचा वाफदाब ३० अंशाला साधारण ४.२ किलोपास्कल आणि ४० ला ७.४. हिशोब केला तर दुपारच्या रनमध्ये एका ग्रॅममागे तीसेक ज्यूल जास्त उडून जातात, म्हणजे उत्तरात प्रति मोल अणू दीड किलोज्यूल. दोन्ही रन एकाच तापमानाला केले असते तर दोन्हीकडून तेवढीच वाफ गेली असती आणि वजाबाकीत काही उरलं नसतं. हायड्रोजन तेवढाच, वाफ तेवढीच.

मग ती रोज साडेसहाला यायला लागली, मी पावणेसातला, मामा आमच्याही आधी येऊन कुलूप काढायचे. एक रन संयुगाचा, लगेच एक सुट्याचा, दुसऱ्या दिवशी उलटा क्रम. दोन्ही २५ मिनिटांचे, संयुग आधी संपलं तरी २५ पर्यंत थांबायचं. बुचात काचेच्या लोकरीचा बोळा, म्हणजे मॅग्नेशियम फसफसताना अ‍ॅसिडचे तुषार बाहेर जाणार नाहीत. बर्नर बंद, हायड्रोजन आहे. सकाळी व्होल्टेजही शांत असतं, आठनंतर आजूबाजूचे पॉवरलूम सुरू झाले की हीटरचा आकडा नाचायला लागतो, तो त्रास आपोआप गेला.

इथे थोडं विषयांतर, पण मला हे तिला सांगायला फार आवडलं म्हणून. याच संयुगाच्या कुळावर, लाव्हेस फेज म्हणतात त्यांना, १९६४ साली किंग आणि क्लेप्पा यांनी काम केलं होतं, शिकागोत. ते अ‍ॅसिड नाही वापरत, वितळलेल्या कथिलात नमुना विरघळवतात. कथिलात विरघळताना मुळात उष्णताच लहान असतात, त्यामुळे वजाबाकीत मार कमी बसतो, हे त्यांचं शहाणपण. पुढे ओले क्लेप्पांनी १४७३ केल्विनच्या कॅलरीमीटरमध्ये दोन धातूंच्या पावडरची गोळी थेट टाकून आत संयुग बनवायची पद्धत वर्षानुवर्षं चालवली. गोळी टाकली की तापायची उष्णता अधिक बनायची उष्णता असं एकत्र मिळतं, मग तोच बनलेला तुकडा थंड करून परत टाकायचा, तेव्हा फक्त तापायची मिळते, वजा करा. आमच्या संयुगाला ती पद्धत चालत नाही, १४७३ केल्विनला जस्त कधीच उकळून गेलेलं असतं. पण बघा, तिथेही दोन रन आणि एक वजाबाकीच. तिने हे ऐकून विचारलं, त्यांचा दुसरा रन त्याच तुकड्याचा असतो का सर? हो म्हटल्यावर म्हणाली, मग प्रमाणाची चूक त्यांना आमच्यासारखी लागत नाही. हे तिचं तिने काढलं.

पाच जोड्या झाल्या. प्रति मोल अणू मायनस ९.६, १२.९, ११.२, १३.४, १०.७. सरासरी मायनस ११.६, विखुरणं १.६. छापलेल्या किमतींच्या पट्ट्यात आहे, पण तो १.६ मोठा आहे, आणि टायट्रेशनची चूक तर त्यात दिसतही नाही, कारण गोळा एकच असल्याने ती पाचही जोड्यांत सारखीच बसते आणि जोड्या वाढवून कमी होत नाही, ब्युरेटने जस्त ०.१ टक्क्याच्या खाली सांगणं आमच्या हातात नाही, आणि ०.१ टक्का म्हणजे १७ ज्यूल. कॅलरीमीटरवर अजून पैसे घालून काही उपयोग नाही हे त्यातून कळलं, पुढचा पैसा आला तर तो अ‍ॅनालिसिसवर जाणार.

रिपोर्टमध्ये तिने प्लस १.६ आणि मायनस २२ हे दोन्ही आकडे ठेवले, कारणांसकट, वेगळं प्रकरण करून. गाइड म्हणून मला वरून सुचवण्यात आलं होतं की एवढं कशाला, शेवटचा आकडा पुरे. आम्ही ठेवले. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं, आणि मग पाच जोड्यांच्या टेबलावर बोट ठेवून विचारलं, ही ९.६ वाली काढून टाकली असती तर सरासरी अजून छान बसली असती, का नाही काढली? ती म्हणाली, सर, त्या दिवशी अ‍ॅसिड तेच होतं, तार तीच होती, वेळ तीच होती, लाईट गेली नव्हती, काढायला माझ्याकडे कारण नाही.

दुसऱ्या गोळ्याचा साधारण सहा ग्रॅमचा तुकडा अजून डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) आहे. तो परत पाइपमध्ये बंद करून आठवडाभर साडेतीनशे अंशाला ठेवायचाय, म्हणजे आत काही असमान राहिलं असेल तर सारखं होईल, आणि जूनमध्ये एक-दोन पाऊस पडून सकाळ गार झाली की सहावी जोडी. ती पास होऊन जाईल तोवर, पण म्हणालीय येते सर, साडेसहाला.